तुडुमावरचा डबा

खरं सांगायचं तर त्याच्यात फार काही नाही.
तळहाताएवढी हिरवी पट्टी,
तिच्यावर डाग देऊन बसवलेले
तिळाएवढे, मोहरीएवढे भाग,
आणि हे सगळं पोळ्यांच्या जुन्या डब्यात
झाकणाला एम-सील लावून.
डबा तलावाच्या पाळीवर,
तुडुमाच्या खांबाला तारेनं आवळलेला.
वर वहीएवढं सोलर.

सोसायटीच्या बैठकीत हिरामण दिघोरेंनी विचारलं होतं,
"मॅडम, हा मासोळ्या मोजंल का?"
नाही. या गढूळात त्याला
रोहू कुठली नि मरळ कुठली.
"मंग चोर तरी पकडंल?"
नाही.
"पिच्चर?"
दाखवेल, अडखळत.
पण तेव्हा दुसरं काम सांगू नका.
आणि मे महिन्यात सत्तेचाळीसला
आपला आपणच मंद होतो, कोणाला न विचारता.

"मंग करते तरी काय हे?"

पाणी मोजतो.
दर दहा मिनिटांनी खाली एक आवाज सोडतो,
आपल्या कानांना न पोचणारा.
तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला
त्याची उंची करतो, लिहून ठेवतो.
पोळ्याला. मतदानाच्या दिवशी. थंडीत पहाटे चारला.
चौदा महिन्यांत कंटाळून
एकदाही अंदाजपंचे आकडा टाकला नाही.
माझ्या हजेरीपटाबद्दल मी असं म्हणणार नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी पाणी वीतभर उतरलेलं.
बेशरमाच्या मुळांशी शिंगूर तडफडत होते.
पाळीखाली उन्हाळी धानाच्या बांध्या
काठोकाठ भरलेल्या.
सगळे जमले. मी लॅपटॉप उघडला,
रेघ दाखवली, इथं पाणी घसरतंय,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.

डुलीचंद बराच वेळ रेघेकडे बघत राहिला.
मग त्यानं एकच विचारलं
आणि बरोबर तेच विचारलं,
"याच्यात घड्याळ आहे का?"

नाही.
बॅटरी संपली की हा मरतो,
ऊन पडलं की उठतो,
आणि शेवटची लिहिलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतो,
दुपारी झोपून तिन्हीसांजेला उठलेलं पोर
सकाळ समजून दात घासायला निघतं, तसा.
आणि त्या आठवड्यात तीन दिवस आभाळ होतं.
किती उतरलं, ते खरं.
कधी, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"मंग झालं तर," डुलीचंद म्हणाला.
माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली.

पंचफुलाबाई जाळ्याचं भोक सांधत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"रातचंच होतं.
तुडुमातून पाणी गेलं का बोलते, मी त्याच्यानंच उठली.
मंग पाळीवरून कोणीतरी फटफटी लोटत नेली, बंद करून.
चैन कुरकुरत होती."

बस्स. पुन्हा सुई चालू.

बैठक मोडली. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही.
डुलीचंदनं गाडी स्टँडवरून काढली,
वळवायला दोन पावलं लोटली,
आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं.
त्यानंही.

पुढच्या महिन्यात मी घड्याळ बसवलं,
दीडशे रुपयांचं, रुपयाएवढ्या सेलवर चालणारं.
टेकचंद, माझा आठवीतला,
शिडी धरून उभा होता, म्हणाला,
आता याला सगळं समजंल ना मॅडम?
मी म्हटलं, किती वाजले ते समजेल.

झाकण काढलं तर आत एक पाल.
तारेसाठी पाडलेल्या भोकातून शिरली असावी,
पट्टीच्या ऊबेला चिकटून बसलेली,
आणि कोपऱ्यात दोन अंडी, हरभऱ्याएवढी, पांढरी.
हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
मी घड्याळ दुसऱ्या बाजूनं बसवलं
आणि झाकण जरा सैल ठेवलं.